उताऱ्यात लिहिलं आहे तेवढंच

शालिनीताई मोहिते यांची आणि माझी ओळख माझ्या दुकानाच्या पाटीवरून झाली. धार सोडून देवासला येऊन मला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आमच्या घरात शिवणकाम धारच्या दरबाराच्या वेळेपासून चालत आलेलं, त्यामुळे मी मोठ्या हौसेनं पाटी रंगवून घेतली होती: ‘येथे सर्व प्रकारचे कपडे शिवून मिळतील.’ ताई ब्लाउजचं कापड घेऊन आल्या, पाटीपुढे जरा थांबल्या आणि आत येऊन त्यांनी विचारलं, कोट शिवता का. मी म्हटलं, कोट नाही. शेरवानी? म्हटलं, तीही नाही. त्या नुसत्या हसल्या आणि माप देऊन गेल्या. मला मात्र चैन पडेना. उद्या कुणी कोटाचं कापड घेऊन आलं आणि पाटीकडे बोट दाखवून भांडायला उभं राहिलं तर काय, या काळजीनं मी पेंटरला बोलावून ‘सर्व प्रकारचे’ हे शब्द पुसून घेतले. ब्लाउज न्यायला ताई आल्या तेव्हा त्यांनी पुन्हा वर पाहिलं. म्हणाल्या, ‘साळुंकेभाऊ, मी गंमत केली होती. पण पाटी आता खरी झाली हो.’

ताईंना यंदा पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त आपलं इथलं मराठी मंडळ हा ग्रंथ काढत आहे. माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी आधी नकोच म्हटलं. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. या ग्रंथात मोठमोठी शिकलेली माणसं लिहिणार, त्यांच्यात माझं काय काम. शिवाय मनात दुसरी एक भीती होती. ताईंचा वर्ग गेल्या दिवाळीपासून बंद आहे. तो का बंद पडला हे आपल्यापैकी पुष्कळांना नीट ठाऊक नाही. कुणी म्हणतं ताई थकल्या, कुणी म्हणतं मुलं येईनाशी झाली. खरं कारण मला ठाऊक आहे, कारण ते माझ्याच घरातलं आहे. गौरवाच्या लेखात ते लिहावं की नाही, या विचारात मी बरेच दिवस घालवले. शेवटी ताईंच्या घरी जाऊन त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘लिहा. ते गाळलंत तर लेख माझ्यावर होणार नाही, दुसऱ्याच कुणा बाईवर होईल.’ म्हणून लिहितो आहे. काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

ताईंची पहिली नेमणूक उदयनगरच्या बाजूला, जंगलातल्या शाळेत होती. त्या काळाबद्दल त्या फारसं बोलत नाहीत. पुढे देवासला आल्या, इथेच निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर माणूस तीर्थयात्रा करतो, नातवंडं सांभाळतो. ताईंनी मंडळाच्या मागच्या खोलीत रविवारचा वर्ग काढला. तो कशासाठी होता हे इथे सांगायला हवं, कारण आपल्याच काही मंडळींना तो वेडेपणा वाटत असे.

आपली मुलं शाळा शिकतात हिंदीतून. शिक्षक होण्यासाठी जी पात्रता परीक्षा द्यावी लागते तिच्यात भाषा निवडायला सांगतात, तेव्हा ही मुलं मराठी निवडतात. का, तर घरात बोलतो, ती तर येतेच. मग पेपरात उतारा येतो, खाली प्रश्न, प्रश्नाखाली चार पर्याय. आणि तिथे ही मुलं आपटतात. पूजा सांगता येते, आत्या-मावश्यांची नाती बिनचूक सांगता येतात, पण ‘क्वचित’ म्हणजे काय हे कुणी विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात. ‘बहुधा’ वाचलं की हिंदीतला ‘बऱ्याचदा’ हा अर्थ लावतात आणि पुढचा सगळा उतारा वाकडा जातो. ताई म्हणत, यांना मराठी येत नाही असं नाही, यांना मराठी ऐकू येते, दिसत नाही.

माझी नात कीर्ती या वर्गात जाऊ लागली. तिचे आईवडील दोघंही कामावर, आणि ती स्वभावानं बुजरी. पहिल्या रविवारी मी तिला सोडायला गेलो आणि बाहेर थांबलो. ताईंनी आत बोलावून मागच्या बाकावर बसवलं. त्या दिवसापासून तो बाक माझाच झाला. दोरा, टाचण्या, चिमटे लागले की माझ्याकडून जात. खिडकीच्या गजांना एक दोरा बांधलेला असे आणि त्यावर चिमट्यांनी चिठ्ठ्या लटकवलेल्या: कधीच नाही, क्वचित, काही वेळा, बहुतेक वेळा, नेहमी. डावीकडून उजवीकडे अशी चढती ओळ. मुलानं पर्याय निवडला की ताई त्याला उठवून दोऱ्यापाशी पाठवत. उताऱ्यातला शब्द कुठे लटकला आहे ते दाखव, पर्यायातला शब्द कुठे लटकला आहे ते दाखव. मधे अंतर दिसलं की पर्याय खोडायचा. खोडताना तो कोणत्या शब्दामुळे गेला हे मोठ्यानं सांगायचं. नुसतं ‘चूक’ म्हटलेलं त्यांना चालत नसे.

मी मागे बसून मनातल्या मनात उत्तरं देत असे. एकदा ताईंनी मलाच विचारलं. उतारा एका शिक्षकावर होता, तो उन्हातान्हात डोंगर चढून शाळेत जातो. प्रश्न असा की या उताऱ्यावरून काय समजतं. पर्यायांत एक होता, ‘शिक्षकाने कष्टांना कधीही घाबरू नये.’ मी लगेच तो सांगितला. ताई म्हणाल्या, वाक्य फार चांगलं आहे, पण ते उताऱ्यात लिहिलंय कुठे? मी शोधलं. कुठेच नव्हतं. उताऱ्यात एवढंच होतं की रस्ता लांब होता आणि शिक्षक वाटेत दोनदा बसला. राजगढ़चा नीलेश, जो देवासला खोली घेऊन राहत होता आणि वर्गाला यायचा, तो म्हणाला, ‘ताई, ये तो ज्यादती है. आजोबांचाच सही लग रहा है.’ त्यावर ताई त्याला इकडच्याच बोलीत म्हणाल्या, ‘भिया, म्हणूनच तो तिथे ठेवलाय.’

तेव्हापासून वर्गात एक शब्दच रूढ झाला, ‘आजोबांचा पर्याय’. जो पर्याय चांगला आहे, खरा आहे, थोरामोठ्यांना शोभेल असा आहे, पण उताऱ्यात नाही, तो आजोबांचा पर्याय. उत्तरं तपासण्याआधी ताई मला विचारत, साळुंकेभाऊ, तुमचा कोणता? मी सांगितला की मुलं बिनधास्त त्याच्यावर काट मारत. मुलं हसत, मीही हसे. घरी आल्यावर मात्र मला वाटे, आयुष्यभर आपण असंच तर नाही ना केलं, लिहिलेलं सोडून आपल्या मनातलंच वाचत आलो की काय.

या शंकेला ताईंनी एकदा चांगलंच उत्तर दिलं. माझं पोट दुखत होतं म्हणून तपासणी झाली, कागद इंग्रजीत आला. कीर्तीनं वाचून सांगितलं की त्यात गाठ असा शब्द आहे. मी दुकान उघडलं नाही. कुणाला काय द्यायचं याची मनात आखणी सुरू केली. ताईंना कळलं, त्या घरी आल्या, कागद वाचला आणि पाठीमागच्या कोऱ्या जागेवर मराठीत तीन पर्याय लिहिले. गाठ आहे. गाठ नाही. आताच सांगता येत नाही, आणखी तपासणी करावी. मग मूळ वाक्यातल्या शब्दन् शब्दाचा अर्थ सांगितला आणि विचारलं, यातला कोणता लिहिला आहे? मी पहिल्यावर बोट ठेवलं. ताई रागावल्या नाहीत. पुन्हा पहिल्यापासून अर्थ सांगितला. पुन्हा विचारलं. मी तिसऱ्यावर यायला वेळ लागला, पण आलो. पुढच्या तपासणीला त्या माझ्याबरोबर इंदूरला आल्या, बाहेर बाकावर बसून राहिल्या. काही निघालं नाही. निघालं असतं तरीही त्या तशाच बसल्या असत्या, हे मी खात्रीनं सांगतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला मी कचरत होतो, ते.

कीर्ती एका खाजगी शाळेत शिकवत होती. शाळेनं सांगितलं होतं की पात्रता परीक्षा पास झालीस तर पुढच्या सत्रात ठेवू. पहिल्या खेपेला ती राहिली होती, त्यामुळे या खेपेवर सगळं होतं. परीक्षेच्या आधी ताई सरावाचे उतारे देत. त्यात एक उतारा गावातल्या विहिरींवर होता. नळ आल्यावर विहिरींची गरज उरली नाही, असं लोकांना वाटू लागलं आणि विहिरी बुजत गेल्या, अशा अर्थाचं वाक्य होतं. प्रश्न होता, लेखकाचं म्हणणं काय. एक पर्याय, विहिरींची गरज उरली नाही. दुसरा, गरज उरली नाही असा लोकांचा समज झाला. कीर्तीनं दुसरा निवडला. ताईंनी तो खोडला. म्हणाल्या, लेखक स्वतःच म्हणतो आहे गरज उरली नाही, तू लोकांना मधे कुठून आणलंस? कीर्तीनं आपल्या कागदावर त्या पर्यायावर काट मारली.

ताईंची नजर तेव्हा उतरायला लागली होती. मधला भाग पुसट दिसतो, ओळ संपून पुढच्या ओळीवर जाताना काही शब्द हातून निसटतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. त्यांनाही ते इतकं झालं आहे असं वाटत नव्हतं. ‘असं लोकांना वाटू लागलं’ हे शब्द छापताना खालच्या ओळीत गेले होते. ताईंनी वरची ओळ वाचली आणि वाक्य तिथेच संपलं असं धरलं.

घरी येताना कीर्ती काही बोलली नाही. आमच्या घरांत मोठ्यांनी सांगितलं की ते झालं, उलट बोलायचं नसतं, हे मुलं पाळण्यापासून शिकतात. आणि ताई तर ताई. तिनं मनाशी ठरवलं की आपल्याला वाचता येत नाही. परीक्षेत उताऱ्यावरच्या प्रत्येक प्रश्नाला तिला आधी एक उत्तर सुचे, मग वाटे की हे आपलं आहे म्हणजे चुकीचं असणार, ताईंनी काय म्हटलं असतं? आणि ती उत्तरपत्रिकेवर दुसराच गोल काळा करी. हे तिनं आम्हाला पुष्कळ नंतर सांगितलं. निकाल लागला, थोडक्यात राहिली. शाळेनं शब्द दिल्याप्रमाणे दुसरी बाई ठेवली. त्या शाळेतली लहान मुलं पुढे काही दिवस आमच्या दारावरून जाताना ‘मॅडम’ म्हणून हाक मारत, तेव्हा कीर्ती आत निघून जाई.

दिवाळीच्या आधीचा रविवार. नवीन मुलं आली होती, त्यांच्यासाठी ताईंनी तोच विहिरींचा उतारा काढला. डोळे दुखत होते म्हणून कीर्तीला म्हणाल्या, तू वाच मोठ्यानं. कीर्ती वाचू लागली. ते वाक्य आलं. ताईंनी हात वर केला.

‘पुन्हा वाच.’

तिनं पुन्हा वाचलं, शेवटपर्यंत.

‘असं लोकांना वाटू लागलं, हे पुढे आहे?’

‘हो ताई. खालच्या ओळीत.’

‘मागच्या वेळीही होतं?’

‘कागद तोच आहे.’

‘तुला दिसलं होतं?’

‘दिसलं होतं.’

‘मग बोलली का नाहीस, बाई?’

‘तुम्ही खोडलं होतं ना, ताई.’

ताईंनी तो कागद डोळ्यांजवळ नेला, तिरका केला, बोटानं ओळ धरून वाचला. मग नव्या मुलांना त्यांनी सगळं सांगितलं. हा पर्याय मी चुकीचा खोडला होता, या मुलीचा बरोबर होता, आणि तिनं माझं ऐकलं. इतकं सरळ कुणी शिक्षक मुलांपुढे बोलल्याचं मी पाहिलेलं नाही. संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या आणि माझ्या मुलासमोर, सुनेसमोर तेच पुन्हा बोलल्या. सुनेच्या मनात राग होता, तो मला दिसत होता. ती चहा टाकायला आत गेली. ताई म्हणाल्या, ‘मी हिला वाक्य शेवटपर्यंत वाचायला शिकवलं. ते वाचलेलं बोलून दाखवायला शिकवलं नाही. डोळ्यांचं काय, डोळे कुणाचेही जातात.’

पुढच्या रविवारी खोली उघडली नाही. आम्ही विनवण्या केल्या. नीलेश राजगढ़हून खास आला, तास दीड तास बसून गेला. ताई म्हणाल्या, ज्या कामात एक शब्द निसटला तर कुणाची तरी नोकरी जाते, ते काम निसटत्या डोळ्यांनी करू नये. मागच्या खोलीत आता मंडळाच्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. येणाऱ्या मुलांना मराठी निवडू नका, हिंदीच घ्या, असं आपलेच लोक सांगतात, आणि त्यांचंही चुकतं असं मला म्हणवत नाही. एवढा चांगला चाललेला वर्ग बंद पडला. आपल्याकडे ताईंसारखं शिकवणारं दुसरं कुणी तयार झालं नाही. याची हळहळ मला वाटते, आणि या ग्रंथाच्या पानांत ती कुठेतरी नोंदलेली असावी असंही वाटतं.

कीर्ती पुन्हा परीक्षेला बसणार आहे. त्यासाठी ती संध्याकाळी ताईंकडे जाते. ताई याला वर्ग म्हणू देत नाहीत. कीर्ती वाचते, ताई डोळे मिटून ऐकतात. उत्तर बरोबर की चूक हे त्या आधी सांगत नाहीत. एकच विचारतात, कुठल्या ओळीवरून? मीही सोबत जातो, पण आता माझा पर्याय कुणी विचारत नाही, कारण हसायला मुलं नाहीत.

परवाची गोष्ट. उतारा आठवड्याच्या हाटावर होता. एका प्रश्नाला ताईंनी ऐकता ऐकता आपलं उत्तर सांगून टाकलं, त्यांच्या नकळत. कीर्ती थांबली. मी पाहत होतो. मला वाटलं ती मान डोलावेल आणि पुढचा प्रश्न वाचेल. माझ्या तोंडात आलंही होतं की पुढे वाच ग.

ती म्हणाली, ‘नाही ताई.’

ताईंनी डोळे उघडले. ‘कुठल्या ओळीवरून?’

तिनं ओळ वाचली. आपलं म्हणणं सांगितलं. शेवटपर्यंत सांगितलं. ताईंनी तीच ओळ परत वाचायला लावली, मग तिच्या आधीची एक वाचायला लावली. ती वाचता वाचता कीर्तीच्याच लक्षात आलं की ताईंचं बरोबर आहे. ती ओशाळली. ताई मात्र इतक्या खूश दिसल्या की मी घाबरलो, यांना काही झालं की काय.

‘चुकलीस,’ त्या म्हणाल्या. ‘पण बोललीस. आता उद्या परत भांडायला ये.’

परीक्षेत काय होईल ते मी सांगू शकत नाही. वर्ग पुन्हा उघडेल असंही सांगवत नाही. ताईंची नजर परत येईल, असं डॉक्टर म्हणत नाहीत, म्हणून मीही ते इथे लिहीत नाही. देवीजवळ मागायचं ते मागतोच, पण ते वेगळं.

शालिनीताईंना पुष्कळ वर्षांचं आयुष्य मिळो. हातपाय चालते राहोत, भूक-झोप चांगली राहो, उरली आहे तेवढी नजर टिकून राहो. समोर बसून वाचून दाखवणारं माणूस त्यांना रोज मिळो. आणि त्यांचं काही चुकलं असेल किंवा नसेलही, तरी त्यांना ‘नाही ताई’ म्हणायची हिंमत असलेली मुलं आपल्या समाजात होत राहोत. ती भांडायला येतील तेव्हा दार उघडायला ताई घरी असोत, एवढंच मागणं आहे.